रूळ गेले, वाट उरली

सोलापूर जिल्ह्यातली ‘बार्शी लाईट’ रेल्वे आणि इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातली एक सायकलवाट, या दोन्हींचा उगम एकाच माणसाच्या डोक्यात आहे. बार्शीच्या गाडीने शंभर वर्षांहून अधिक काळ पंढरीचे वारकरी, कापसाचे गठ्ठे आणि बाजाराचे धान्य वाहिले. तिचे इंग्लंडमधले भावंड जेमतेम तीस वर्षे धावले आणि १९३४ साली बंद पडले. पण बंद पडल्यावर त्याचे जे झाले, ते मला त्याच्या धावण्याच्या वर्षांपेक्षा मोलाचे वाटते. रूळ आणि सिलिपाट काढून नेले, आणि तीनच वर्षांत तो मोकळा पट्टा चालणाऱ्यांसाठी खुला झाला. आज त्याला मॅनिफोल्ड वे म्हणतात. सुमारे तेरा किलोमीटरची ही डांबरी वाट दोन नद्यांच्या काठाकाठाने जाते आणि एक लहानसा तुकडा सोडला तर तिच्यावर मोटार येत नाही.

रेल्वेचा पट्टा सायकलला इतका मानवतो याचे कारण रेल्वेच्या दुबळेपणात आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने फिरते, म्हणून एक इंजिन शेकडो टन ओढू शकते. पण तेच कमी घर्षण चढावर आड येते. चाके जागच्या जागी गरगरू लागतात. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांमागे १ फूट आहे. तेवढ्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. सायकलवाल्याला मात्र हा चढ एखादा गिअर उतरवून, गादीवरून न उठता चढता येतो. गाव-रस्त्यांचे तसे नसते. बैलाला आणि माणसाला जे झेपले, तिथून ते रस्ते गेले, आणि त्यांच्या चढणी बोरघाटाच्या रेल्वेपेक्षा कितीतरी पटींनी खड्या असतात. रेल्वेच्या इंजिनिअरांना ही सवलत नव्हती. टेकडी आली की कापायची, खळगा आला की भराव घालायचा, नदी आली की पूल आणि डोंगर आला की बोगदा. वळणेही त्यांना मोठ्या घेराची ठेवावी लागली. हा सगळा खर्च गाडीसाठी झाला. फायदा आज सायकलला मिळतो. कोणत्याही सरकारने नुसत्या सायकलींसाठी दगडी कमानींचे पूल आणि डोंगराच्या पोटातले बोगदे बांधले नसते.

आता त्या माणसाविषयी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा १८५७ साली जन्मलेला इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुंबई-मद्रास लोहमार्ग कुर्डुवाडीवरून गेला होता, आणि बार्शीची मोठी बाजारपेठ तिथून जवळपास पस्तीस किलोमीटर आडबाजूला राहिली होती. माल बैलगाड्यांनी स्टेशनवर आणावा लागे. एवढ्याशा अंतरासाठी ब्रॉडगेज परवडणार नाही, पण छोटी गाडी परवडेल आणि ती छोटी असूनही भरपूर माल नेईल, हे कॅलथ्रॉपने ओळखले. त्याचा सिद्धान्त साधा होता. गाडीचे वजन जास्त आसांवर समान वाटायचे. इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग हलके रूळ पुरतात, पूल स्वस्तात होतात आणि गाडी तरीही दमदार राहते. रुळांमधले अंतर त्याने २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर ठेवले. नोकरी सोडून त्याने १८९५ मध्ये लंडनमध्ये कंपनी उभारली आणि १८९७ मध्ये बार्शीची गाडी सुरू झाली. पुढे हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचला. सगळा मिळून तो सव्वातीनशे किलोमीटर झाला.

बार्शीचे यश इंग्लंडात पोचले, तेव्हा स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागातले लोक आपल्या दऱ्यांमध्ये रेल्वे यावी म्हणून खटपट करत होते. त्यांनी कॅलथ्रॉपलाच बोलावले. लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे २७ जून १९०४ रोजी सुरू झाली, ती बार्शीचेच माप आणि बार्शीचीच रीत घेऊन. तिची दोन इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात बनली. बार्शीची इंजिनेही तिथेच घडली होती. समोर हिंदुस्थानी पद्धतीचा भला मोठा दिवा, डब्यांना दोन्ही टोकांस उघडे सज्जे, डब्यांचा रंग फिकट पिवळा. पावसाळी, धुकट इंग्रजी दरीत उष्ण देशासाठी घडवलेली गाडी फिरत होती. आडवळणाच्या प्रदेशांची साधने नेहमी राजधानीकडून येतात असे आपण धरून चालतो. इथे बार्शीत पारखलेली गोष्ट इंग्लंडने उचलली, याची नोंद आपल्याकडे व्हायला हवी तितकी झालेली नाही.

या गाडीची आणखी एक करामत होती. शेवटच्या स्टेशनाशी मोठ्या मापाच्या रेल्वेची वाघीण आली की ती अख्खीच्या अख्खी एका बुटक्या, छोट्या मापाच्या गाड्यावर चढवत आणि तशीच आत दरीत नेत. माल उतरवून पुन्हा भरण्याची कटकट वाचे. ही युक्ती ब्रिटनमध्ये प्रथम इथेच वापरली गेली. त्यामुळे बोगद्यात आणि पुलांवर मोठ्या वाघिणीला पुरेल इतकी जागा सोडावी लागली. आज त्या बोगद्यातून सायकलने जाताना डोक्यावर जी ऐसपैस उंची असते, तिचे कारण हे.

कॅलथ्रॉपचे डोके रेल्वेत मावणारे नव्हते. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉईस या नावातला पहिला, १९१० मध्ये विमान कोसळून मेला. त्यानंतर कॅलथ्रॉपने वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ते स्वीकारले जावे म्हणून जिवाचे रान केले. अरबी घोडे हाही त्याचा ध्यास होता. घोड्याला मारझोड न करता कसे शिकवावे यावर त्याने पुस्तक लिहिले. बार्शीच्या इतिहासात त्याचे नाव फक्त एका कंपनीचा संस्थापक म्हणून येते, हे अपुरे आहे.

आता त्या मॅनिफोल्ड वेवर चलू. वाट दक्षिणेला वॉटरहाउसेस या गावाशी सुरू होते. तिथे सायकली भाड्याने मिळतात. पहिले काही किलोमीटर हॅम्प्स नदीची अरुंद, झाडीची दरी आहे. नदी सारखी वळते आणि वाट तिला पुन्हा पुन्हा ओलांडत जाते. उन्हाळ्यात या पुलांवरून खाली पाहिले तर पात्रात नुसते गोटे दिसतात. सगळा प्रदेश चुनखडीचा आहे. पाऊस ओसरला की हॅम्प्स आणि पुढची मॅनिफोल्ड, दोन्ही नद्या जमिनीतल्या भेगांमधून खाली उतरतात आणि काही किलोमीटर भूमिगत वाहून इलम गावाजवळ पुन्हा वर येतात. एकच वाट चैत्रात वाहत्या नदीच्या काठाने जाते आणि श्रावणात कोरड्या दगडांच्या काठाने, हे आपल्या सवयीच्या अगदी उलटे आहे.

दोन नद्यांचा संगम मागे टाकला की उजव्या हाताला थॉरची गुहा दिसते. दरीच्या तळापासून सुमारे ८० मीटर उंचीवर, उभ्या कड्यात दहा मीटरचे तोंड. १८६० च्या दशकात तिथे खोदकाम झाले आणि अश्मयुगापासून रोमन काळापर्यंत माणसे तिथे वावरल्याचे पुरावे मिळाले. रेल्वे होती तेव्हा गुहेच्या पायथ्याशी स्टेशन होते. आता सायकल खाली टेकवून पायऱ्यांनी वर चढावे लागते, आणि तो चढ मात्र दमवणारा आहे. पुढे वेटन मिलपासून दोन-अडीच किलोमीटर वाट गावाकडच्या एका छोट्या रस्त्याशी एकरूप होते. इथे मोटारी येतात. बोगद्यातूनही त्या जातात. मुले बरोबर असतील तर या टप्प्यात त्यांना एका रांगेत, कडेने न्यावे.

बोगदा जेमतेम दीडशे मीटरचा आहे, पण त्याची कथा भारताशी बांधलेली आहे. शेजारच्या स्वेन्सली हॉलमध्ये सर थॉमस वॉर्डल राहत. ते लीक गावचे रेशीम रंगवणारे कारखानदार, आणि रेल्वेतही त्यांचा पैसा होता. आपल्या घरातून गाडी दिसू नये म्हणून त्यांनी हा बोगदा पाडायला लावला असे सांगतात. हेच वॉर्डल हिंदुस्थानातल्या रानरेशमाचे मोठे अभ्यासक होते. टसरचा मूळचा मातकट रंग घालवून त्याला दुसरा रंग धरवणे युरोपातल्या रंगाऱ्यांना जमत नव्हते. वॉर्डल यांनी ते साधले. १८८१ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या रानरेशमावर ग्रंथ लिहिला आणि १८८५-८६ च्या सुमारास ते स्वतः इथे हिंडून नमुने गोळा करून गेले. विल्यम मॉरिस हा थोर नक्षीकार वनस्पतिज रंगांची कला शिकायला त्यांच्याच कारखान्यात येत असे. भंडारा-गडचिरोलीकडचे टसर ज्यांनी नेसले आहे, त्यांना या बोगद्यातून जाताना परके वाटू नये.

बोगद्यापलीकडे एक्टनची टेकडी आहे. तिच्या पोटात तांब्याच्या खाणी होत्या आणि अठराव्या शतकात त्यांनी डेव्हनशायरच्या ड्यूकला अमाप पैसा दिला. रेल्वे आली तोवर खाणी संपल्या होत्या. गाडीला जगवले ते दुधाने. एक्टनला दूधसंकलन केंद्र होते, तिथले दूध लंडनपर्यंत जाई. १९३२ मध्ये ते केंद्र बंद झाले आणि गाडीचे अन्न तुटले. १० मार्च १९३४ ला शेवटची गाडी धावली.

यापुढची घटना मला या सगळ्या कथेत सर्वांत महत्त्वाची वाटते. रेल्वे कंपनीने तो पट्टा तुकडे करून विकला नाही. सगळा सलग स्टॅफर्डशायरच्या परगणा मंडळाला देऊन टाकला, आणि जुलै १९३७ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. त्या काळी बंद रेल्वेची वाट करावी ही कल्पनाच जवळपास कुणाला सुचलेली नव्हती. उत्तरेचे टोक ह्यूम एंड. तिथल्या जुन्या स्टेशनात आता माहिती केंद्र आहे.

पट्टा सलग राहिला नाही तर काय होते, हे ब्रिटनने पुढे मोठ्या प्रमाणावर पाहिले. १९६३ च्या बीचिंग अहवालाने सुमारे आठ हजार किलोमीटरचे रेल्वेमार्ग बंद करायची शिफारस केली. बंद झालेल्या मार्गांची जमीन बहुतेक ठिकाणी तुकड्यांनी विकली गेली. एका तुकड्यावर घरे झाली, दुसरा शेतात मिसळला, पूल पाडून दगड विकले. पुढे १९७७ मध्ये ब्रिस्टलमध्ये सुरू झालेल्या सायकलप्रेमींच्या चळवळीतून सस्ट्रान्स ही संस्था उभी राहिली. तिने ब्रिस्टल-बाथ हा जुना मार्ग स्वयंसेवकांच्या हातांनी सायकलवाट केला, पण अनेक ठिकाणी तिला दोन तुकड्यांमधला हरवलेला पूल जोडण्यातच वर्षे घालवावी लागली. कॉर्नवॉलमध्ये पॅडस्टो ते वेडब्रिज हा खाडीकाठचा मार्ग सुदैवाने अखंड वाचला आणि आज तो त्या किनाऱ्यावरच्या लोकप्रिय वाटांपैकी एक आहे. स्पेनने १९९३ पासून हे काम राष्ट्रीय पातळीवर हाती घेतले. तिथल्या ‘व्हिआस व्हेर्देस’, म्हणजे जुन्या रेल्वेच्या हिरव्या वाटा, तीन हजार किलोमीटरच्या वर गेल्या आहेत.

समुद्राकाठची अशी वाट पाहायची तर आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयो परगण्यात जावे. वेस्टपोर्ट ते अकिल अशी ४२ किलोमीटरची ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे क्ल्यू उपसागराला वळसा घालून जाते. समोर पाण्यात लहानमोठी बेटे विखुरलेली. वर्षाच्या दिवसांइतकी ती आहेत असे तिथले लोक म्हणतात. मागे, उपसागराच्या दक्षिण काठावर ७६४ मीटर उंचीचा क्रो पॅट्रिक हा पवित्र डोंगर. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक तो चढतात, त्यातले काही अनवाणी. न्यूपोर्टला सात कमानींचा दगडी रेल्वेपूल लागतो. पुढे एका बाजूला पीटच्या दलदली, जिथे अजूनही जळणासाठी कापलेले पीट वाळत ठेवलेले दिसते, आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी. मलरॅनीला वसंतात एक जांभळट हीथर फुलते, जी एरवी भूमध्य समुद्राकडची मानली जाते. तिथले मोठे हॉटेल रेल्वे कंपनीनेच १८९७ मध्ये प्रवाशांसाठी बांधले होते.

या वाटेवर चढाचा त्रास नाही. त्रास वाऱ्याचा आहे. अटलांटिकवरून तो बहुतेक दिवस पश्चिमेकडून येतो. म्हणून जाणते लोक सायकल गाडीत टाकून आधी अकिलला जातात आणि तिथून वारा पाठीशी घेऊन वेस्टपोर्टकडे येतात. पृष्ठभाग बराचसा बारीक दाबलेल्या खडीचा आहे, तेव्हा अगदी अरुंद टायरपेक्षा थोडे रुंद टायर बरे.

ही रेल्वे मूळची दुष्काळी काम होती. १८८९ च्या कायद्याने आर्थर बाल्फोर या ब्रिटिश मंत्र्याने आयर्लंडच्या दरिद्री पश्चिम किनाऱ्यावर सरकारी पैशातून छोटे रेल्वेमार्ग काढले. लोकांच्या हाताला काम मिळावे आणि मासळीला बाजार मिळावा, हा हेतू. पण अकिल बेटाची जमीन लोकांना पोसू शकत नव्हती. दर उन्हाळ्यात तिथली माणसे, त्यात अगदी कोवळी मुले-मुलीही, बटाटे काढायच्या मजुरीसाठी स्कॉटलंडला जात. १४ जून १८९४ रोजी अशीच शेकडो माणसे शिडाच्या होड्यांतून वेस्टपोर्टच्या धक्क्याकडे निघाली; तिथून त्यांना स्कॉटलंडची आगबोट घ्यायची होती. आगबोट दिसताच एका होडीतले लोक ती पाहायला एकाच बाजूला धावले आणि होडी कलंडली असे सांगतात. ३२ जण बुडाले. अकिलपर्यंतच्या रेल्वेचे रीतसर उद्घाटन अजून व्हायचे होते, पण रूळ पोचले होते. त्या रुळांवरून अकिलला गेलेल्या पहिल्या गाडीत या मजुरांचे मृतदेह होते.

१६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे स्कॉटलंडमधल्या कर्किन्टिलॉक गावी अकिलचे दहा तरुण मजूर, त्यातला सर्वांत लहान १३ वर्षांचा, झोपायच्या कोठीला आग लागून मेले. त्यांचे मृतदेह याच मार्गाने रेल्वेने घरी आले. दोनच आठवड्यांनी मार्ग कायमचा बंद झाला. सतराव्या शतकातल्या ब्रायन रुआ नावाच्या एका द्रष्ट्याने, लोखंडी चाकांच्या, धूर ओकणाऱ्या गाड्या येतील आणि पहिली व शेवटची गाडी मृतदेह घेऊन येईल, असे भाकीत केले होते, ही कथा मेयोत आजही सांगतात. भाकीत कधी आणि कसे रचले गेले हा भाग वेगळा. मला त्यामागचे कारण जास्त अस्वस्थ करते. ज्या दारिद्र्यावर उपाय म्हणून रेल्वे आली, ते दारिद्र्य ४३ वर्षांनंतरही तसेच होते, आणि मुले अजून त्याच बटाट्याच्या शेतांवर जात होती. दोन्ही दुर्घटनांतले मृत किल्डाव्नेटच्या दफनभूमीत पुरलेले आहेत. ग्रीनवे संपते त्या पुलावरून बेटावर गेले की समुद्राकाठाने तिथवर सायकलने पोचता येते, आणि मला वाटते की ही वाट करणाऱ्याने तिथे गेल्याशिवाय परतू नये.

रेल्वे बंद झाल्यावर इथली जमीन शेतकऱ्यांकडे गेली होती. त्यामुळे वाट करायची तर प्रत्येकाची संमती हवी. मेयोच्या परगणा मंडळाने सक्तीने भूसंपादन केले नाही. मालकी शेतकऱ्याचीच राहील आणि तो फक्त जाण्या-येण्याची परवानगी देईल, असा करार झाला. म्हणून या वाटेवर फाटके लागतात आणि मेंढ्या आडव्या येतात. २०१० मध्ये न्यूपोर्ट ते मलरॅनी हा १८ किलोमीटरचा टप्पा झाला, २०११ मध्ये सगळी वाट. तिच्या काठाने सायकलची दुकाने, खाणावळी, राहायच्या खोल्या उभ्या राहिल्या. जिथून माणसे पोटासाठी बाहेर जात होती, तिथे आता पाहुणे पैसे घेऊन येतात. आयर्लंडने तो धडा घेतला. २०१७ मध्ये वॉटरफर्ड ते डंगारव्हन ही ४६ किलोमीटरची आणखी एक वाट, चारशे मीटरच्या बोगद्यासह, जुन्या रेल्वेवर झाली.

बार्शी लाईटचे नशीब वेगळे आणि चांगले निघाले. तिचा लातूरपर्यंतचा मार्ग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला, आणि गाडी टिकणे हे सायकलवाटेपेक्षा केव्हाही मोठे. पण त्याच ७६२ मिलिमीटर मापाची विदर्भातली शकुंतला रेल्वे, मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी, काही वर्षे थांबून आहे. तिथल्या लोकांची ब्रॉडगेजची मागणी रास्त आहे आणि ती पुरी व्हावी. तोवर पट्ट्याचे काय, याला अमेरिकेने १९८३ मध्ये कायद्यानेच उत्तर दिले. बंद होणारा रेल्वेमार्ग मोडीत न काढता वाट म्हणून सांभाळायला दिला, तर त्याचा रेल्वेचा हक्क जिवंत राहतो. पुढे गरज पडली तर तिथे परत रूळ टाकता येतात. काही मार्गांवर ते पडलेही आहेत.